गोव्यातून राशिप्रकाश बघायचा तर दुर्बीण घरी ठेवा

महाशिवरात्रीचं जागरण रात्रभर चालतं, पण त्या रात्रीची आकाशातली सगळ्यात देखणी गोष्ट आठ ते नऊ या तासाभरात होऊन जाते. माघ वद्य चतुर्दशी, म्हणजे संध्याकाळी चंद्र नाही. पश्चिमेला समुद्र, म्हणजे समोर गाव नाही. आणि सूर्याचा वार्षिक मार्ग त्या दिवसांत गोव्याच्या क्षितिजावर काठी रोवल्यासारखा उभा. अशा वेळी गालजीबागच्या किंवा आगोंदच्या वाळूत पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं, तर समुद्रावरून वर निमुळता होत गेलेला, दुधात बरंच पाणी घातल्यासारखा फिका उजेड दिसतो. बुडाशी वीतभर रुंद, वर टोक कुठे संपलं ते नक्की सांगता येत नाही. तो मावळतीचा उरलेला उजेड नाही आणि कुठल्या गावाचाही नाही. तो राशिप्रकाश.

सूर्याभोवती ग्रह ज्या पातळीत फिरतात, त्याच पातळीत धूळ पसरलेली आहे. धूमकेतूंनी मागे सोडलेली आणि लघुग्रहांच्या टकरींतून सुटलेली. कण बहुतेक मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून दहाव्या भागापर्यंतचे, आणि एकमेकांपासून फार लांब. सूर्याचा उजेड त्यांच्यावरून विखुरतो, एवढंच. म्हणून त्याचा वर्णपटही सूर्याचाच असतो. जोव्हान्नी कॅसिनीने १६८३ मध्ये याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला आणि हा उजेड ग्रहांमधल्या कणांवरून येतो असं सांगितलं. त्याच्या कितीतरी आधी अरबी खगोलात फजरच्या नमाजाची वेळ ठरवताना ‘खोटी पहाट’ आणि ‘खरी पहाट’ असा फरक करत. खोटी पहाट उभी असते, खरी आडवी पसरते. शेतात किंवा किनाऱ्यावर उभं राहून करण्यासारखी चाचणी आजही हीच.

धूळ ग्रहांच्या पातळीत आहे, म्हणून उजेडही क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या त्या वार्षिक मार्गाच्या, रेषेतच दिसतो. ही रेषा शोधायला अॅप लागत नाही. चंद्र त्या रेषेपासून पाच अंशांपेक्षा फारसा लांब जात नाही आणि पंचांगातली सत्तावीस नक्षत्रं म्हणजे चंद्राच्याच वाटेवरचे मुक्काम. रेवती, अश्विनी, कृत्तिका, रोहिणी, पुष्य, मघा, चित्रा एवढी ओळखता आली तरी पुरे. संध्याकाळी पश्चिमेला या ओळीतलं जे नक्षत्र क्षितिजाजवळ असेल तिथून पुढच्या नक्षत्राकडे नजर न्या. उजेड त्याच ओळीने वर चढला पाहिजे. ओळ सोडून भलतीकडे झुकला असेल तर तुम्ही दुसरंच काहीतरी बघताय.

आता गोव्याचा फायदा. आपण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहोत. इथे क्रांतिवृत्त क्षितिजाशी कमीत कमी एक्कावन्न अंशांचा कोन करतं, आणि योग्य ऋतूत जवळजवळ काटकोन. लंडनमध्ये हाच कोन सप्टेंबरच्या संध्याकाळी पंधरा अंशांवर येतो, म्हणजे राशिप्रकाश क्षितिजावर आडवा पडतो आणि धुरकटात बुडतो. आपल्याकडे तो पडतच नाही. इंग्रजी पुस्तकांत ‘फक्त वसंतात संध्याकाळी आणि शरदात पहाटे’ असं लिहिलेलं असतं ते त्यांच्या अक्षांशापुरतं कडक. गोव्यात ऋतू ठरतो तो कोनाने कमी आणि पावसाने, धुरकटाने जास्त. जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्रश्नच नाही. एप्रिल-मे मध्ये हवेत दमटपणा, त्यात हिवाळी आकाशगंगा पश्चिमेला खाली येऊन नेमकी उजेडात मिसळते. उरतात ते ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतच्या पहाटा आणि जानेवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंतच्या संध्याकाळी.

वेळ मिनिटांत सांगायला हवी, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. सूर्य क्षितिजाखाली अठरा अंश गेल्याशिवाय आकाश पुरतं काळं होत नाही आणि गोव्यात त्याला सूर्यास्तानंतर साधारण सत्तर ते पंचाहत्तर मिनिटं लागतात. फेब्रुवारीच्या मध्यात पणजीचा सूर्यास्त ६:३७ च्या सुमारास, म्हणजे खरा अंधार ७:५० ला. त्याआधी पश्चिमेला दिसतो तो संधिप्रकाश. आणि ७:५० नंतर घाई आहे, कारण सूर्य ताशी चौदा-साडेचौदा अंश खाली जातो आणि उजेडाचा बुडाकडचा तेजस्वी भाग त्याच्याबरोबर मावळतो. पावणेनऊनंतर उरतं ते फार फिकं. पहाटे हेच उलट. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्योदय ६:२७ च्या आसपास, खरी पहाट सव्वापाचला सुरू होते, म्हणून सव्वाचार ते सव्वापाच हा तास. नोव्हेंबरच्या मध्यात त्यात दहा मिनिटं वाढवा.

टोक कुठवर जायला हवं, तेही नक्षत्रांवरून सांगता येतं. फेब्रुवारीच्या मध्यात अश्विनी क्षितिजापासून पन्नास अंशांवर असते. चांगल्या रात्री उजेड तिथवर पोचतो. मार्चच्या मध्यात अश्विनी वीस-बावीस अंशांवर खाली येते आणि टोक कृत्तिकेला टेकतं. ऑक्टोबरच्या पहाटे उजेड मघेवरून पुष्याकडे चढतो, नोव्हेंबरच्या मध्यात चित्रा त्याच्या बुडाशी असते आणि टोक मघेच्या दिशेला. अंश मोजायला हात आहे: लांब केलेल्या हाताची मूठ म्हणजे दहा अंश, ताणलेली वीत म्हणजे वीस.

चंद्राचा हिशेब तिथीने करावा, त्यासारखं सोपं काही नाही. संध्याकाळच्या निरीक्षणाला वद्य चतुर्थीपासून अमावास्येपर्यंतचे दिवस. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ दिनदर्शिकेत छापलेलीच असते. ती नऊच्या पुढची असेल तर अंधार पडल्यापासून तासभर हातात आहे, फक्त शेवटची वीस मिनिटं धरू नका, चंद्र वर यायच्या आधीच पूर्व उजळते. शुद्ध द्वितीयेची कोर आठच्या आसपास मावळते, पण ती नेमकी राशिप्रकाशाच्या पोटातच असते, त्यामुळे द्वितीया म्हणजे शेवटची हद्द. पहाटेसाठी अमावास्येपासून शुद्ध एकादशी-द्वादशीपर्यंत, कारण चंद्र तोवर मावळलेला असतो.

आणि इथे एक दुखणं आहे. वर्षातली सगळ्यात चांगली पहाटेची अमावास्या म्हणजे अश्विन अमावास्या. पाऊस नुकताच गेलेला, हवा धुतलेली, चंद्र नाही, आणि त्याच सुमारास अख्खा गोवा नरकासुर जाळून, फटाके उडवून, दारोदार आकाशकंदील लावून बसलेला. चतुर्दशीच्या पहाटेचा धूर खोलगट भागात दुपारपर्यंत रेंगाळतो. त्यावर उपाय एकच, पुढे सरका: पाडव्यानंतर दोन-तीन दिवसांपासून व्हडल्या दिवाळीपर्यंत, म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंतच्या पहाटा. द्वादशीचा चंद्रसुद्धा चारच्या आत बुडतो.

जागेबाबत गोव्याचा नियम सरळ आहे आणि तो पाळला नाही तर बाकीचं सगळं वाया: संध्याकाळ समुद्रावर, पहाट घाटावर. किनाऱ्यावर उभं राहून पूर्वेला बघितलं की समोर म्हापसा, पणजी, मडगाव, औद्योगिक वसाहती, महामार्ग, सगळ्यांचा उजेड एकत्र. घाटाच्या पायथ्याशी उभं राहून पश्चिमेला बघितलं तरी तेच. पूर्वेला तर सह्याद्रीची भिंतच आडवी येते आणि खालचे कित्येक अंश झाकून टाकते. सत्तरी-सांग्यातल्या खोऱ्यांत आकाश काळं असतं पण भांड्याच्या तळाशी बसल्यासारखं असतं. डोक्यावरचं बघायला उत्तम, क्षितिजावरचं बघायला निरुपयोगी.

संध्याकाळसाठी काणकोण तालुका. गालजीबाग, आगोंद, खोला, खोलगडाच्या आसपासचा कडा. दक्षिणेला कारवारचा उजेड दिसतो पण तो डाव्या हाताला, खाली. राशिप्रकाश फेब्रुवारीत पश्चिम-नैर्ऋत्येपासून वर आणि किंचित उजवीकडे जातो, म्हणून अडचण होत नाही. उत्तरेला केरीचा किनारा एके काळी याच तोडीचा होता, पण २०२३ च्या जानेवारीपासून मोपा विमानतळ सुरू झाल्यावर पेडण्याचं आकाश बदललं. पश्चिमेची दिशा अजून चालते, डोक्यावरची फारशी नाही. शॅकची रांग जिथे संपते तिथून निदान अर्धा किलोमीटर पुढे जा आणि दिवे पाठीमागे, वाळूच्या उंचवट्याआड किंवा सुरूच्या झाडांआड ठेवा. अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते. तिची वेळ आधी बघून मगच सामान मांडा.

गालजीबाग, आगोंद, मोरजी आणि मांद्रे इथे ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालायला येतात, म्हणजे नेमकी आपल्या हंगामात. पांढऱ्या विजेरीने मादी परत फिरते आणि पिल्लं दिशा चुकतात. वनखात्याने कुंपण घातलेल्या घरट्यांपासून लांब बसा, विजेरी लाल ठेवा, वाळूवर गाडी घालू नका. लाल उजेड तुमच्या डोळ्यांना हवाच आहे, पण कासवांसाठी तोही शक्य तितका बंदच बरा.

पहाटेसाठी चोर्ला घाटाचा माथा. उंची सुमारे ८०० मीटर, म्हणजे किनाऱ्याचं दमट धुरकट बरंचसं पायाखाली राहतं. ईशान्येकडे बेळगावच्या दिव्यांच्या उजेडाचा घुमट दिसतो, पण पूर्वेकडून मघेकडे चढणारा उजेड त्याच्या उजवीकडून वर निघतो. रस्त्याच्या वळणावर थांबू नका. रात्री अवजड वाहनं असतात आणि प्रत्येक हेडलाइट अंधाराला सरावलेल्या डोळ्यांची वीस मिनिटं खातो. रस्त्यापासून आत, झाडांच्या आडोशाला, पूर्व उघडी असलेला सडा, म्हणजे खडकाळ माळ, शोधा आणि तो दिवसा जाऊन बघून ठेवा. अभयारण्याच्या हद्दीत रात्री परवानगीशिवाय जायचं नाही. गवे पहाटे रस्त्यावरच असतात, त्यामुळे हा सल्ला केवळ कायद्यासाठी नाही.

डोळ्यांबद्दल. हा उजेड इतका मोठा आणि इतका फिका आहे की दुर्बिणीचा काही उपयोग नाही. दुर्बीण ताऱ्याचा ठिपका उजळ करते, पसरलेल्या उजेडाचं प्रत्येक तुकड्यातलं तेज ती वाढवू शकत नाही. उलट चाळीस अंशांची आकृती दुर्बिणीच्या सहा अंशांत बघणं म्हणजे भिंतीला नाक लावून भिंतीवरचं चित्र बघणं. उघडे डोळेच लागतात, आणि ते तयार व्हायला वेळ लागतो. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दहाएक मिनिटांत सरावतात. अंधुक उजेड पकडणाऱ्या दंडपेशींना पूर्ण ताकद यायला तीस ते चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे ७:५० ला बघायचं असेल तर सव्वासातला जागेवर हवं, आणि त्यानंतर फोन नाही. एकदा स्क्रीन पेटला की बराचसा हिशेब पुन्हा शून्यावर. दिवसभर उन्हात, वाळूवर, गॉगलशिवाय फिरला असाल तर त्या रात्री डोळे नेहमीपेक्षा उशिरा तयार होतात. किनाऱ्यावर सुट्टी घालवून संध्याकाळी ‘काही दिसलंच नाही’ म्हणणाऱ्यांचं हे एक कारण.

विजेरीला लाल जिलेटिन कागदाचे तीन-चार पदर रबरबँडने बांधा. एका पदरातून बराच पांढरा झिरपतो. गाडीतला आतला दिवा बंद करून ठेवा, नाहीतर पाण्याची बाटली घ्यायला दार उघडलं की संपलं. एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाकींचा पुढचा दिवा चालू इंजिनात बंदच होत नाही, म्हणून दुचाकी समुद्राकडे पाठ करून लावा आणि निघताना सगळ्यांना आधी सांगा. दूरचा अर्धा नंबर असला तरी चष्मा घाला.

बघण्याची रीत ताऱ्याची वेगळी आणि उजेडाची वेगळी. दंडपेशी डोळ्याच्या मध्यभागी नाहीतच. मध्यापासून पंधरा-वीस अंश बाजूला त्यांची गर्दी आहे. म्हणून थेट उजेडावर नजर रोखली की तो विरतो. दीड मूठ बाजूच्या एखाद्या ताऱ्याकडे बघा. त्याहून चांगलं म्हणजे मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवा, नैर्ऋत्येपासून वायव्येपर्यंत, चार-पाच सेकंदात एक फेरी. स्थिर फिकेपणा मेंदू पुसून टाकतो, सरकता फिकेपणा तो पकडतो. मध्ये कुठेतरी आकाश ‘जड’ झाल्यासारखं वाटेल. दोन्ही बाजूंनी परत परत त्याच जागी वाटलं तर ती उजेडाची कड.

बघा क्षितिजापासून दोन ते चार मुठी वर. अगदी खाली बघण्यात अर्थ नाही. क्षितिजापासून पाच अंशांवरचा उजेड डोक्यावरच्यापेक्षा दहापट जाड हवेतून येतो, आणि समुद्रावर ती हवा मिठाच्या ओलाव्याने भरलेली असते. खरं तर धूळ सूर्याजवळ जास्त उजळ, पण तो भाग समुद्राचा धुरकट गिळतो, म्हणून गोव्याच्या किनाऱ्यावरून राशिप्रकाश पाण्याला टेकलेला न दिसता थोडा वर तरंगल्यासारखा दिसतो. हे बघून बरेच जण त्याला ढग समजतात.

तोतये तीन. पहिला, गावाचा घुमट: तो उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो, क्षितिजाला चिकटलेला असतो, आणि दोन तासांनीही जागचा हलत नाही. दुसरा, समुद्रावरच्या मासेमारीच्या दिव्यांचा. एलईडी लावून मासेमारीला २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, तरी क्षितिजाआडच्या नौकांचे पांढरे-हिरवट डाग अधूनमधून दिसतात; ते लहान असतात, खालची कड धारदार असते आणि पाऊण तासात सरकतात. तिसरा, ढग. इथे गंमत आहे. खरोखर अंधाऱ्या जागी ढग आकाशापेक्षा काळा दिसतो, भोक पडल्यासारखा, कारण त्याला खालून उजळायला दिवाच नसतो. ढग पांढुरका दिसत असेल तर खाली दिवे आहेत, आणि मग त्या दिशेला बघणं सोडा. शुक्र उजेडाच्या ओळीत असेल तर त्याची चकाकी नडते. माडाच्या झावळीआड तो लपेल अशी दोन पावलं सरका.

त्या रात्री मुळात जमण्यासारखं आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. नोव्हेंबरात संध्याकाळी पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन डोक्यावर येतो. त्याच्या आत दोन-तीनच तारे दिसले तर राशिप्रकाश विसरा. आठ-दहा मोजता आले तर हवा आणि जागा दोन्ही बरी आहेत. फेब्रुवारीत कृत्तिका मोजा: सहाच्या पुढे सरकत नसाल तर डोळे तयार झालेले नाहीत किंवा हवा खराब आहे. फेब्रुवारीच्या शेवटापासून डोंगरांतला धूर वाढतो. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले होते, तशा आठवड्यात घाटावर जाण्यात अर्थ नाही. परतीच्या पावसाची सर पडून गेल्यावरची रात्र मात्र सोडू नये.

राशिप्रकाश दोन-तीनदा नीट दिसला की दुसरा उजेड आपोआप लक्षात यायला लागतो: हवेचा स्वतःचा. त्याला एअरग्लो म्हणतात. दिवसा सूर्याने फोडलेले ऑक्सिजनचे रेणू रात्री पुन्हा जुळतात आणि त्यातली ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते. सुमारे ९५ किलोमीटर उंचीवर हिरवा, ५५७.७ नॅनोमीटरचा, २५० ते ३०० किलोमीटरवर लाल, ६३० नॅनोमीटरचा. दंडपेशींना लाल जवळजवळ दिसतच नाही, आणि हिरवाही रंग म्हणून दिसत नाही, नुसता राखाडी. तो सगळीकडेच असतो, म्हणून ‘दिसत’ नाही. पण तिरकं बघितलं की थर जाड होतो आणि क्षितिजापासून दीड-दोन मुठी वर आकाश डोक्यावरच्यापेक्षा फिकं वाटतं, त्याखाली धुरकटात पुन्हा काळं होतं. चोर्ल्याच्या माथ्यावरून चारही बाजूंना असा पट्टा दिसला तर तो हवेचा. एकाच बाजूला दिसला तर बेळगावचा. सौर डाग जास्त असलेल्या वर्षांत हा उजेड वाढतो आणि काळीकुट्ट जागासुद्धा धुपट वाटते. २०२४ च्या शेवटाकडे सौरचक्र कळसाला होतं, त्यामुळे त्या दोन-तीन वर्षांत ‘आकाश पूर्वीसारखं काळं राहिलं नाही’ ही तक्रार अगदीच खोटी नव्हती, दोष फक्त पंचायतीच्या दिव्यांचा नव्हता.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने याच उजेडाचे फोटो घेणारा सर्वाकाशी कॅमेरा चालवला आहे. लाल थर इतका उंच आहे की गोव्याच्या डोक्यावरचा भागही त्याच्या टप्प्यात येतो. त्या फोटोंत उत्तर-दक्षिण काळे पट्टे पूर्वेकडे सरकताना दिसतात. ते आयनांबरातले, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरातले, विरळ प्लाझ्माचे फुगे, आपल्यासारख्या विषुववृत्ताजवळच्या भागातली खास चीज. डोळ्यांना ते दिसत नाहीत. कॅमेऱ्याला दिसतात.

कॅमेऱ्याकडेच येऊ. १४ ते २४ मिलिमीटरचं भिंग, छिद्र एफ २ ते २.८, आयएसओ १६०० ते ३२००, वेळ पंधरा ते पंचवीस सेकंद. पाचशेला भिंगाच्या मिलिमीटरांनी भागून येतील तितक्या सेकंदांच्या पुढे गेलात की तारे रेघा होतात. बारीक पिक्सेलच्या कॅमेऱ्यात तर त्याच्या निम्मेच धरा. फोकस हाताने, एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर पडदा मोठा करून. रंगतापमान चार हजार केल्विनच्या आसपास बांधून ठेवा. स्वयंचलित ठेवलं तर दर फोटोत उजेडाचा रंग बदलतो. रॉ फाइल घ्या. तिवईचे पाय वाळूत चार बोटं दाबा आणि मग दोन मिनिटं थांबा, वाळू बसत असते. दोनच गोष्टी खरोखर नडतात. एक, दव आणि मीठ: समुद्रावर तासाभरात भिंगावर पातळ थर येतो आणि फोटोतला प्रत्येक तारा मऊ होतो. लोक तेव्हा फोकसला दोष देतात. भिंगाभोवती यूएसबीवर चालणारा तापपट्टा बांधा, नसेल तर हात गरम करायची पुडी रबरबँडने बांधा, आणि घरी आल्यावर पुढची काच ओलसर मऊ कापडाने पुसा. कोरडी पुसली तर मीठ घासतं. दोन, फोटो सुधारणारी सॉफ्टवेअरं. त्यांतला ‘पार्श्वभूमीचा चढउतार काढा’ हा पर्याय शहराचा उजेड काढायला बनवलेला आहे, आणि राशिप्रकाश म्हणजे पार्श्वभूमीचा चढउतारच. एका बटणात सगळी मेहनत जाते. प्रकाश-प्रदूषणाच्या फिल्टरचंही तसंच: राशिप्रकाश सूर्याचाच उजेड, एलईडीचाही वर्णपट अखंड, फिल्टर वेगळं काय करणार?

शेवटचा आणि सगळ्यात अवघड उजेड म्हणजे गेगेनशाइन, जर्मनमध्ये समोरचा उजेड. सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला धुळीचे कण पौर्णिमेच्या चंद्रासारखे पूर्ण उजळलेले दिसतात, म्हणून तिथे मूठ-दीड मूठ रुंदीचा एक लांबट डाग पडतो. टेओडोर ब्रोर्सेनने १८५४ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं. डाग आजूबाजूच्या आकाशापेक्षा इतका थोडा उजळ असतो की आकाशगंगा जवळ असली की संपलंच, म्हणून डिसेंबर-जानेवारी आणि जून-जुलै बाद. उरलेल्या महिन्यांत गोव्याला एक योग मिळतो. सूर्याची दक्षिण क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासून दक्षिणेकडचं अंतर, साडेपंधरा अंश झाली की विरुद्ध बिंदू मध्यरात्री थेट आपल्या डोक्यावर येतो, म्हणजे हवा सगळ्यात पातळ तिथे. हे वर्षातून दोनदा घडतं: नोव्हेंबरच्या ४ तारखेच्या आसपास, तेव्हा डाग अश्विनी आणि कृत्तिकेच्या मधे, आणि फेब्रुवारीच्या ६ च्या आसपास, तेव्हा तो पुष्य आणि मघेच्या मधे. अमावास्या त्यापासून पाचसात दिवस इकडेतिकडे असली तरी चालते. मध्यरात्र मात्र घड्याळाची नाही, सूर्याची: नोव्हेंबरात १२:२०, फेब्रुवारीत १२:५०. चटईवर पाठीवर झोपा, मान दुखत असेल तर डोळे काम करत नाहीत. प्रतियुतीतला, म्हणजे सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आलेला, ग्रह नेमका त्याच जागी असतो, तेवढं वर्ष सोडून द्यावं. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू असाच मघेच्या पश्चिमेला बसलेला आहे.

किनाऱ्यावरून याची आशा धरू नका. सांगे, सत्तरीच्या आतल्या गावांतून, दिवे गेलेल्या रात्री, शक्यता आहे. इथे ती भांड्यासारखी खोरी कामाला येतात. कॅमेऱ्याला डोळ्यांआधी दिसेल, पण कॅमेराच इथे सगळ्यात मोठा थापाड्या. रुंद भिंग पूर्ण उघडं असलं की फोटोचा मध्य उजळ आणि कोपरे काळे येतात, आणि डाग मध्यावर धरून फोटो काढला की हवा तसा लांबट उजेड फुकट मिळतो. म्हणून छिद्र एक पायरी बंद करा आणि दोन फोटो घ्या: एकात विरुद्ध बिंदू मध्यापासून डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. उजेड फ्रेमच्या मध्यालाच चिकटून राहिला तर तो भिंगाचा. मघेबरोबर सरकला तर आकाशातला.